थांबायचं कुठं

३१ ऑगस्ट १९४९

हसले! कल्याणच्या गणपतीचा अख्खा मांडव हसला! एकटा मी, एक खुर्ची, एक टॉवेल — आणि पाऊण तास नकला. मामलेदार, ड्रिल मास्तर, पंगतीत रुसलेला व्याही. पण बाजी मारली राघो भगतानंच. आमच्या मानपाड्याचा भगत — देवी अंगात आली की आधी डावा खांदा उडतो, मग मान, आणि मधेच एक डोळा किलकिला करून बघतो, कोण कोण आलंय ते! मी टॉवेल डोक्याला गुंडाळला तेव्हाच लोक सतरंजीवर लोळायला लागलेले.

तेवढ्यात एक म्हातारी उठून पुढे आली. आमच्याच गावची हौसाबाई. तिचा मुलगा गणू बोटीवर खलाशी म्हणून गेलाय, दोन वर्षं पत्र नाही. माझ्या पायाशी बसली. "माय, माजा गणू कवा येल?"

लोकांना वाटलं, हीपण नकलेतलीच. मी घुमलो आणि भगताच्या आवाजात ठोकून दिलं — "दिवालीला येल!" टाळ्या!

ती खरंच विचारतेय, हे मला कळलं होतं. तरी बोललो. हशा समोर दिसत होता, सोडवला नाही.

२ सप्टेंबर

ठाण्याच्या दोन मंडळांचं बोलावणं! आई म्हणाली, "भगताची नको करू रं बाला, देवीचा कोप होल." म्हटलं, झाला तर कोपाचीपण नक्कल करीन.

२५ ऑक्टोबर

दिवाळी संपली. गणू आला नाही.

हौसाबाईनं घर सारवलेलं. चार दिवस दारात बसून होती. आता म्हणते, देवी खोटं बोलणार नाही, माझाच कुठला तरी नवस राहिला. त्यासाठी रोज अनवाणी देवळापर्यंत जाते — खडीच्या रस्त्यानं. पाय फुटलेत.

२७ ऑक्टोबर

गेलो तिच्याकडे. सांगून टाकलं — "हौसामावशी, देवी नव्हती. मीच बोललो. लोकं हसावीत म्हणून."

ती माझ्याकडे बघून गोड हसली. "तुला काय ठाव बाला? ती ज्याच्या तोंडून बोलते ना, त्याला कलत नाय."

मी टॉवेल काढला. खांदा कसा उडवतो, डोळा कसा किलकिला करतो, सगळं करून दाखवलं. तर ती पाया पडली!

लबाडी माझी, आणि पाय फुटले तिचे. वर बसून हे बघणारा कोणी असता तर त्यानं निदान तिला तरी सोडवलं असतं. घरी येताना बांधावरच लख्ख कळलं — कोणी नाही. वाटलेलं, भीती वाटेल. नाही वाटली. हौसाबाईसाठी राग तेवढा आला, आणि स्वतःचा.

नकला बंद. कायमच्या.

९ जानेवारी १९५०

नोकरी! दादरच्या स्टुडिओत, संकलन खात्यात. तिथले मुख्य संकलक तानाजीराव गणपतीत कल्याणला आलेले, त्यांनी माझ्या नकला पाहिलेल्या. मंडळाकडून पत्ता काढून त्यांनी पत्र पाठवलं. मी सरळ सांगितलं — नकला सोडल्यात, आणि फिल्ममधलं मला ओ की ठो कळत नाही.

म्हणाले, "नकला राहू देत. बोलता बोलता तू थांबतोस कुठं, ते मी पाहिलंय. ते शिकवून येत नाही. बाकीचं येईल."

१४ मार्च

ब्लेडनं फिल्मचं टोक खरवडायचं, सिमेंट — फिल्म चिकटवायचं द्रावण — लावायचं, दाबून धरायचं. बोटांचा वास जेवतानाही जात नाही. आज माझा जोड पहिल्यांदा पडद्यावर पाहिला. दिसलाच नाही! दिसला नाही म्हणजेच जमला.

२२ जून १९५१

पौराणिक चित्र. देवी प्रकट होते. युक्ती साधी — कॅमेरा हलवायचा नाही, नटीनं चालत येऊन गाभाऱ्यात उभं राहायचं, आणि तिचं चालणं तेवढं आम्ही कापून टाकायचं. तानाजीरावांनी मध्ये धूर ठेवलेला. मी म्हटलं, धूर नको. पुजाऱ्याचा चेहरा ठेवा, एक श्वास जास्त. मग देवी.

जोडून दाखवलं. तानाजीरावांनी तुकडा परत लावून पाहिला. मग — "तुझंच ठेव!"

देव न मानणाऱ्यानं देव आणला, आणि झकास आणला! मला यात काही लबाडी वाटत नाही. तिकीट काढून येणाऱ्याला माहीतच असतं की हे सोंग आहे.

१८ नोव्हेंबर १९५२

राघो भगत दारात. "काय रं काळुराम, देवीला नारल नाय या साली?"

"नाही. मी मानत नाही."

एवढंच बोललो. शांतपणे. आत आई भांडी घासत होती, तो आवाज थांबला. तिला लागलं असणार.

१ फेब्रुवारी १९५३

कल्याणला चित्र लागलं. बहीण सासरी, आईला घेऊन गेलो. नावांच्या पाटीवर तानाजीरावांच्या खाली — काळुराम भोईर! आईला वाचता येत नाही, बोट करून दाखवलं.

देवी प्रकट झाली तशा बायका उठून उभ्या राहिल्या. हात जोडून! आईनंही इकडेतिकडे बघून जोडले. सगळी तिकीट काढून आलेली माणसं! म्हणजे माझं म्हणणं तेवढं पक्कं नव्हतं तर.

काम मात्र पक्कं झालंय, त्यात शंका नाही. आईला समोर बसवून एकदा सगळं सांगणार आहे — ते सोंग कसं केलं, आणि मी काय मानतो. रडेल. पण चोरून राहायचं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. रडली नाही.

"माजा तं देवावर इस्वास, तुजा बापूस मिठागरावर मेला तवापासूनच नाय."

मी विचारलं, मग हे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या — इतकी वर्षं उपास कोणासाठी?

"भाकर तुमा दोगां भावा-भनींपुरतीच व्हायची. मना भूक नाय म्हनलं का तुमी जेवत नव्हता. देवाचा उपास म्हनलं का गप जेवायचा."