दोन हाका

आई, गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी माझ्या मुलीला दाराबाहेरून कुणीतरी "बाय" म्हणून हाक मारली. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहिते आहे. "बाय" फक्त तू म्हणायचीस, आणि तेही मला. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. माझी मुलगी आता दहा वर्षांची आहे, आणि तिने तुला हॉलमधल्या फोटोत पाहिलंय, तेवढंच.

आम्ही बोरिवलीला राहतो, पूर्वेला, सातव्या मजल्यावर. मी मालाडच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त घ्यायचं काम करते. सकाळी सातला घर सोडते, साडेचारपर्यंत परत येते. नवऱ्याला यायला रात्र होते. मुलगी साडेबाराला शाळेच्या बसमधून उतरते, आपल्या किल्लीने दार उघडते, आतून कडी लावते, जेवते आणि माझी वाट बघते. म्हणजे तुझं नि माझं होतं तसंच. तू मरोळच्या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या उजेडासमोर धरून तपासायचीस, आणि मी तिथल्याच चाळीतल्या पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत एकटी असायचे. त्या कामाची तुला इतकी सवय झाली होती की घरी पाण्याचा पेलासुद्धा तू ट्यूबलाइटसमोर धरून एकदा फिरवून बघायचीस आणि मगच मला द्यायचीस. एकदा तू तशीच माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडात फिरवलास आणि म्हणालीस, पास. मला तेव्हा किती हसू आलं होतं.

मी मुलीला बरंच काही तुझंच शिकवलंय. वेणी ओली असताना घालायची नाही, भात घेताना कडेने घ्यायचा. आणि तुझा तो दाराचा नियम. कुणीही हाक मारली तरी एका हाकेला ओ द्यायची नाही, दोन हाकांनाही नाही. तिसरी हाक आली तरच कडी काढायची, आवाज आईचा असला तरी. तू सांगायचीस की तुमच्या गावाकडे म्हणतात, जे माणूस नाही त्याला दोनच हाका मारता येतात. मुलीला मी ते कारण सांगितलं नाही. सेफ्टी म्हणून सांगितलं.

त्या मंगळवारी मी घरी आले तर ती स्वयंपाकघरात फ्रीजला पाठ लावून खाली बसली होती. जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. मला बघून म्हणाली, "आई, सॉरी हं. दुपारी तू आलीस ना, तेव्हा मी दार नाही उघडलं. तू दोनदाच बोलावलंस."

मी म्हटलं, मी कुठे आले होते, मी तर लॅबमध्ये होते. तिने सांगितलं की दीड वाजला होता, आवाज माझाच होता, फक्त दम लागल्यासारखा. स्टुलावर चढून तिने दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं, तर कुणीच नव्हतं. पॅसेजमधला दिवा मात्र लागला होता. आमच्याकडे तो दिवा माणूस आलं की आपोआप लागतो आणि गेलं की थोड्या वेळाने विझतो.

"काय म्हणाला तो आवाज?" मी विचारलं.

"बाय, दार उघड गं."

मी तिला जवळ घेतलं आणि समजावलं की सेल्समधली कुणी बाई असेल, मजला चुकली असेल. ती शहाणी आहे, तिने मान हलवली. मग भाजी आणायच्या निमित्ताने मी समोरच्या काकूंचं दार वाजवलं. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आज लवकर सुटलीस वाटतं. दुपारी तुझा आवाज ऐकला मी. बरं नाही का गं तुला?"

आई, मग मला आपली ती दुपार आठवली. आठवली म्हणण्यात अर्थ नाही, ती कधी विसरलेच नव्हते. मी दहा वर्षांची आहे. गॅलरीत सगळ्यांच्या गोधड्या वाळत टाकल्या आहेत आणि चाळ दुपारची झोपली आहे. दाराबाहेरून तुझा आवाज येतो, बाय, दार उघड गं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जरा हळू. तिसरी हाक येत नाही. संध्याकाळी तू नेहमीच्या वेळेला येतेस, डबा मोरीत ठेवतेस, तोंड धुतेस. मी तुला सगळं सांगते. तू हसशील असं मला वाटलेलं असतं, पण तू पदराने तोंड पुसता पुसता विचारतेस, किती हाका? मी सांगते, दोन. तू म्हणतेस, "चांगलं केलंस. तशीच राहा." आणि हे कुणाला सांगायचं नाही, म्हणून दटावतेस. दुसऱ्या दिवशी तू मला सहा रंगांची स्केचपेनं आणलीस. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. मी कितीतरी वर्षं मैत्रिणींना सांगत होते की आमच्या दाराशी भूत आलं होतं आणि मी त्याला फसवलं.

तू गेल्यावर, तेराव्याला, कारखान्यात तुझ्या टेबलाशी तुझ्याशेजारी बसणारी बाई आली होती. माझा हात धरून तिने तुझ्या किती गोष्टी सांगितल्या. बोलता बोलता म्हणाली की एकदा तू काम करताना चक्कर येऊन पडली होतीस. तुला घरी जाऊन पडायला सांगितलं, तर तू गेलीस आणि तासाभरात परत आलीस आणि सुटेपर्यंत गेटजवळच्या बाकावर बसून राहिलीस. तिने विचारलं तेव्हा म्हणालीस, पोरीने दार नाही उघडलं, मीच तसं शिकवलंय तिला. आणि हे सांगताना तू खूश होतीस म्हणे. मी वीस वर्षांची होते. तुझ्या फोटोला हार घातलेला होता, माणसं जेवत होती. मी पंगतीत वाढायला गेले आणि त्यानंतर आजपर्यंत हे मी कुणाशी बोलले नाही. तिसरी हाक तू का मारली नाहीस ते मला कळलं नाही. तुला दम लागला असेल, एवढंच मी मनाशी ठरवून टाकलं.

बुधवारी मी मुलीला काकूंकडे बसवलं. काही झालं नाही, काकूंनीही काही ऐकलं नाही. गुरुवारी मी सुट्टी टाकली. मुलगी जेवून आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आणि मी हॉलमध्ये मेथी निवडायला घेतली. टीव्ही लावला नाही. खालून पार्किंगमधल्या गाडीचा रिव्हर्सचा आवाज तेवढा येत होता. दीड वाजून गेला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटू लागली. लॅबमध्ये रोज शंभर नळ्यांवर नावं चिकटवणारी बाई मी, आणि कशाची वाट बघत बसले आहे.

तेवढ्यात दाराखालच्या फटीत उजेड आला. पॅसेजमधला दिवा लागला होता. लिफ्टचा दरवाजा वाजला नव्हता.

"बाय, दार उघड गं."

आवाज माझा नव्हता, आई. मुलीला तो माझा वाटला, काकूंनाही वाटला, कारण माझा आवाज आता तुझ्यासारखा झालाय. हातातली जुडी खाली ठेवून मी उठले. आतल्या खोलीत मुलगी पाढे म्हणत होती, ते थांबले. मग दुसरी हाक आली, जरा हळू, आणि मी कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं. दिवा जळत होता. काकूंचं दार बंद, लिफ्ट तळमजल्यावर. स्पिरिटचा वास आला, तुझ्या साडीला यायचा तसा. पण माझ्याही हातांना रोज तोच वास असतो, तेव्हा त्याचं काही धरता येत नाही. मी दारातून बाजूला झाले. दमलेल्या माणसाला चपला काढायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबले आणि म्हणाले, "ये." दिवा विझला. मी दार लावून घेतलं.

मग मी पंख्याखाली सतरंजी अंथरली आणि उशी ठेवली. मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही. सतरंजीकडे बघून तिने विचारलं, तू झोपतेयस का? मी नाही म्हटलं, तेव्हा ती आत गेली आणि पाढे पुन्हा सुरू झाले, या वेळी अगदी हळू, घरात कुणी झोपलं असेल तर म्हणतात तसे. मी सतरंजीशेजारी बसून मेथी निवडत राहिले. चार वाजता उशी उचलली तर मधोमध खोलगट झाली होती. आमच्या उश्या जुन्या आहेत, कापूस बसलाय त्यांचा.

त्यानंतर हाक आलेली नाही. मी लॅबमध्ये वेळ बदलून घेतली आहे, आता दुपारी एकपर्यंत घरी येते. नवऱ्याला सांगितलं, पोरीचा अभ्यास घ्यायचाय. पण आई, एक सांगते, रागावू नकोस. पुन्हा आलीस तर मी घरात असेन तेव्हा ये. माझ्या मुलीला हाक मारू नकोस. ती फ्रीजला पाठ लावून बसली होती ते मला विसरता येत नाही. तिला मी नियम बदलून दिलेला नाही, आणि देणारही नाही.

हे कागद कुठे पाठवायचे? मरोळची चाळ पाडून तिथे काचेची इमारत झाली आहे. इथेच कपाटात, तुझ्या दोन साड्यांच्या घडीत ठेवीन. आणि लिहितेच आहे तर हेही लिहून टाकते. त्या दिवशी सकाळी चाळीच्या नळावर, सगळ्या बायकांसमोर, तू मला थोबाडीत मारली होतीस. दुपारी तुझी पहिली हाक आली तेव्हाच मला कळलं होतं की ही तूच आहेस. मी घाबरले नव्हते. तू जिना उतरून जाईपर्यंत मी कडीवर हात ठेवून उभी होते.