शून्य नंबरचा जानेवारी

९ जानेवारी, सकाळ

वही, माफी असावी. इथे येऊन सात दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतोय. नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, हा नोकरीत माझाच आग्रह असायचा. उशिराचं कारण: मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. जिन्यात घसरली. (पायरी ओली कोणी केली ते अजून कळलेलं नाही. चौकशी चालू आहे.) सहा आठवडे हात हलवायचा नाही. म्हणून मला बोलावलं. स्वयंपाकाला नव्हे, टायपिंगला.

संकल्प: रोज लिहायचं. सकाळी फिरायला जायचं. कोणावर विनाकारण संशय घ्यायचा नाही.

९ जानेवारी, संध्याकाळ

मुलगी जावास्क्रिप्टच्या इंजिनवर काम करते. पहिले दोन दिवस मी मोटरीचं इंजिन समजत होतो. तसं नाही. वेबसाइटवर आपण बटण दाबतो, मग काहीतरी होतं. ते जे होतं, ते हे इंजिन करतं. त्यातला तारखांचा विभाग मुलीकडे आहे. ती सांगते, मी दोन बोटांनी टाइप करतो. आज एकशे चाळीस कंस उघडले, तेवढेच बंद केले. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्हाला जमतंय की! जमणारच. तेहतीस वर्षं पार्सल ऑफिसात तारखेचा शिक्का माझ्या हातात होता. रोज सकाळी तारीख फिरवायची. एकदाही चुकली नाही. (एकदा. लीप वर्ष होतं.)

११ जानेवारी

मी टाइप करतो हे तिच्या साहेबांना कळता कामा नये. कंपनीचा नियम आहे, मशीनला दुसऱ्याचा हात लागला की नोकरी गेली. मग रजा का घेत नाहीस, असं विचारलं. म्हणाली, एकतीस तारखेला नवी आवृत्ती बाहेर पडणार आहे, आता मी बाजूला झाले की टोपीवाला माझ्या खुर्चीत. आणि हसली.

हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. टोपीवाला म्हणजे तिच्याबरोबरचा एक जण. नावापुढे चेहऱ्याऐवजी टोपीचं चित्र लावतो. चेहरा का लपवतो?

स्क्रीनवरच्या मीटिंगच्या वेळी मी कपाटाच्या आड स्टुलावर बसतो. आज शिंक आली. साहेबांनी विचारलं, कोण? मुलगी म्हणाली, मांजर. साहेबांनी मांजराचं नाव विचारलं. इतकी खोलात चौकशी कशासाठी?

फिरायला जाणं झालं नाही. बूट नवे आहेत.

१३ जानेवारी

दुपारी दोनला ती गोळी घेते आणि चारपर्यंत झोपते. त्या वेळात मी कोड वाचतो. सगळा कळत नाही, पण ऑफिसात तरी सगळं कुठे कळायचं? एके ठिकाणी लिहिलंय: ‘ही ओळ काढू नका. का ते माहीत नाही.’

का आहे ते कोणालाच माहीत नाही आणि वर्षानुवर्षं बसून आहे! असे दोघे आमच्या ऑफिसातही होते. काढून टाकली. बदल पाठवताना कारण लिहावं लागतं. लिहिलं, ‘अनावश्यक.’ लहान बदल ती स्वतःच्या अधिकारात पाठवते, मोठे टोपीवाला तपासतो. हा लहानच होता. एकच ओळ.

अकरा मिनिटांत मेल: बदल रिव्हर्ट केला. म्हणजे होतं तसं करून ठेवलं. सही: पहारेकरी.

अकरा मिनिटं! माणूस टपूनच बसलेला असला पाहिजे.

१४ जानेवारी

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, हा पहारेकरी कसा आहे गं स्वभावाने? मुलगी म्हणाली, अहो बाबा, तो माणूस नाही, प्रोग्राम आहे. प्रत्येक बदलावर चाळीस हजार टेस्ट चालवतो, प्रत्येकीचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं, एक जरी चुकली तरी बदल परत. मी मान हलवली. पण यंत्राला हुकूम देणारा कोणीतरी असतोच. नाव घेत नाही. डोक्यावर टोपी आहे एवढंच लिहितो.

तो मेल तिने पाहिलेला नाही. ‘जुनी बिलं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिला. आधीच हात मोडलेला, त्यात जिवाला घोर नको.

१६ जानेवारी

आज जे कळलं ते इथे नीट नोंदवून ठेवतो.

या इंजिनात जानेवारीचा नंबर शून्य आहे. फेब्रुवारी एक. डिसेंबर अकरा. वर्षात बारावा महिनाच नाही! बरं, दिवस मात्र एकपासून मोजतात. एकाच तारखेत दोन कायदे.

मुलीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, हो, पहिल्यापासून तसंच आहे, सगळ्याच इंजिनांत. मी म्हटलं, अगं पण चूक आहे ना? म्हणाली, आहे ना, पण सगळं जग ती धरून चाललंय, आता दुरुस्त केली तर सगळं मोडेल. हे सांगताना सफरचंद खात होती.

पोरगी भोळी आहे. नेमकी तिच्याच विभागात इतकी ढळढळीत चूक आणि तिला हात लावायचा नाही? उद्या कोणी बोट दाखवलं तर नाव कोणाचं येणार? फायदा कोणाला होणार? पाणी कुठे मुरतंय ते मला दिसतंय.

१७ जानेवारी, दुपारी ३.२०

महिन्याच्या नंबरापुढे अधिक एक. दोनच अक्षरं टाइप केली. कारण लिहिलं: ‘जानेवारी हा पहिला महिना आहे.’ यावर कोणी काय बोलणार?

दुपारी ३.३१

पहारेकरी बोलला. रिव्हर्ट. दोनशे बारा टेस्ट चुकल्या म्हणतो. त्या उघडून बघितल्या आणि थक्क झालो. उत्तरांतच जानेवारी शून्य लिहून ठेवलाय! उत्तरपत्रिका चुकीची असल्यावर बरोबर लिहिणारा नापासच होणार. फार विचार करून रचलेलं काम आहे.

मेल ‘जुनी बिलं’मध्ये.

२१ जानेवारी

चार दुपारी लागल्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा उत्तरं हाताने दुरुस्त केली. आधी कागदावर यादी केली, मग एकेक खोडत गेलो. तर्जनीला घट्टा पडलाय. मुलगी म्हणाली, बाबा, दमलेले दिसता, दुपारी तुम्हीही पडत जा जरा. डोळ्यांत पाणी आलं. बापाची काळजी करणारी अशी मुलगी. तिच्यासाठी डोळ्यांत तेल घालून जागलंच पाहिजे.

फिरणं या आठवड्यापुरतं रद्द.

२२ जानेवारी, दुपारी ३.१५

पाठवलं. बदल आणि दुरुस्त उत्तरं, एकत्र. टेस्टच्या ओळी मोजणीत धरत नाहीत, म्हणून हाही लहान बदलच.

दुपारी ३.२६

हिरवी खूण! पहारेकरी चूप. चाळीस हजार टेस्टपैकी एक चुकली नाही. त्याचा आवाज कायमचा बंद केला.

आता या जगात जानेवारी पहिला आहे. आणि हे कोणी केलं ते फक्त मला माहीत आहे. मुलीला आवृत्ती बाहेर पडल्यावर सांगेन. साहेब स्वतः तिचं कौतुक करतील, तेव्हा मी कपाटाआडून ऐकेन.

२५ जानेवारी

गडबड झालेली दिसते.

रोजची कच्ची प्रत दहाबारा ठिकाणी वापरून बघतात म्हणे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातलं एक हॉस्पिटल आहे. तिथल्या पाळीच्या यंत्राने दोन दिवस सगळ्या चिठ्ठ्यांवर फेब्रुवारी छापला. त्याच दिवशीची वेळ घेऊन आलेल्या माणसांना खिडकीवरच्या बाईने सांगितलं, तुमची पाळी पुढच्या महिन्यात. एक जण टाके काढायला आला होता. टाके तसेच घेऊन परत गेला.

मुलगी फोनवर हे ऐकत होती आणि मी तिचं तोंड बघत होतो. नंतर मी अंदाज घेतला, असं कसं झालं असेल गं? म्हणाली, जानेवारीला शून्य येतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून जो तो आपल्या बाजूने एक मिळवून घेतो. इंजिनातच कोणीतरी एक मिळवलाय. झाले दोन.

म्हणजे अख्ख्या जगाला ही चूक माहीत होती! आणि सगळे मूग गिळून गुपचूप एक-एक मिळवत बसले होते. इतकी माणसं सामील असतील असं मला वाटलं नव्हतं.

सकाळी १०.४० ला रिव्हर्ट. या वेळी पहारेकरी नव्हे, टोपीवाला स्वतः. खाली लिहिलं होतं: ‘ठीक आहेस ना?’ किती गोड भाषा!

दुपारी

तिने आज गोळी घेतली नाही. झोपली नाही. डाव्या हाताने बदलांची नोंदवही उघडली. तिथे काहीच खोडलं जात नाही. केलेला बदलही राहतो, उलटवलेलाही राहतो, नाव आणि वेळेसकट. एरवी मला ही पद्धत आवडली असती.

ती वेळा मोठ्याने वाचत गेली. दोन वाजून पन्नास. तीन वीस. तीन पंधरा. प्रत्येकापुढे तिचं नाव. मग माझ्याकडे बघितलं. मी प्लास्टरकडे बघितलं.

म्हणाली, बाबा, दोनशे बारा?

मी म्हटलं, यादी ठेवली आहे, दाखवू का?

२६ जानेवारी

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘जुनी बिलं’ तिला सापडलं. फक्त विचारलं, अजून काही आहे? मी नाही म्हटलं. तासाभराने जाऊन ‘का ते माहीत नाही’ वाली ओळ का काढली ते सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. प्लास्टरचा. लागला असेल.

२७ जानेवारी, संध्याकाळ

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. संध्याकाळपर्यंत. ती सांगत गेली, मी टाइप केलं: औषधाच्या गुंगीत माझ्या हातून हे बदल गेले. चूक सर्वस्वी माझी आहे. पुन्हा होणार नाही. कृपया आपला निर्णय कळवावा.

मी म्हटलं, अगं पण हे खरं नाही. ती म्हणाली, गोळ्या घेऊन माणूस वेड्यासारखं करतो हे साहेबांना पटेल. फार तर विभाग जाईल, नोकरी राहील. तुमचं नाव आलं तर काहीच राहणार नाही. तुम्ही फक्त पाठवा, मी पाणी पिऊन येते.

बटणावर बोट होतं. वरचा मजकूर परत वाचला. ‘चूक सर्वस्वी माझी.’ खाली तिचं नाव. माझ्या मुलीच्या नावावर इतकं धडधडीत खोटं, आणि तेही माझ्याच बोटांनी?

खाली लिहिलं: साहेब, वरील मजकूर बरोबर नाही. हे बदल तिच्या वडिलांनी, म्हणजे मी, केले. ती झोपली होती. तिचा काडीचाही दोष नाही. मी तेहतीस वर्षं तारखेचं काम केलेलं आहे.

पाठवलं. ती आत आली तेव्हा हात मांडीवर होते. म्हणाली, गेला? मी म्हटलं, गेला.

मन हलकं झालं. साहेबही कोणाचे तरी वडील असतील.

२८ जानेवारी

सकाळी तिला सांगितलं. वाटलं होतं गळ्यात पडेल. ती खुर्चीवर बसली. मी म्हटलं, रिव्हर्ट करू का? कसं करायचं ते सांग, मी टाइप करतो.

म्हणाली, बाबा, मेलला रिव्हर्ट नसतं.

३० जानेवारी

तिचं लॉगिन बंद आहे. पासवर्ड टाकला की परवानगी नाही म्हणतं. तीनदा टाकला. तिने सांगितलं, नका टाकू.

दुपारी टोपीवाल्याचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून ऐकलं. आवाज अगदी कोवळा आहे. तिचा हात कसा आहे विचारलं. म्हणाला, मी साहेबांना सांगितलंय, हाताने दोनशे बारा टेस्ट बदलणारा माणूस लबाड नसतो, त्याला फक्त दुसरं काही काम नसतं. मुलगी हसली. पाच दिवसांनी हसली. मग रडली.

तो असं का बोलला, यावर मी बराच विचार केला. काही सापडलं नाही.

३१ जानेवारी

आवृत्ती बाहेर पडली. जानेवारी शून्यच आहे. तारखांचा विभाग टोपीवाल्याने सांभाळला.

साहेबांचं उत्तर नाही. मी फिरायला जातो म्हणालो तर ती म्हणाली, बाबा, नका जाऊ, बसा इथेच. म्हणून स्टुलावर बसलोय. कपाटाच्या आड नाही, समोर. टाइप करायला काही नाही. ती फोन डाव्या हातात धरून बसली आहे, वाजला की अंगठा घसरतो, मग मी उचलून देतो. आतापर्यंत दोनदा वाजला. एकदा प्लास्टरवाला डॉक्टर, एकदा चुकीचा नंबर.

साहेब, ही वही तुमच्यापर्यंत येणार नाही हे मला समजतं. तरी लिहितो. मला मशीनजवळ ठेवू नका, कधीच ठेवू नका, माझा हात कशाला लागू देऊ नका. पण तिचं जे काही ठरवाल ते एकदा कळवा. आजच कळवलंत तर बरं होईल. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.