सर्व सुखरूप

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला आज मन धजत नाही. राजदूत असतानाच्या तुमच्या रोजनिशीची मुद्रितं तपासतेय. युद्ध पेटलं त्या दिवशी तुम्ही लिहिलंय, “दूतावास रिकामा केला. सर्व सुखरूप.” आणि आपला दुभाषी? तो गाडीमागे धावत होता आणि तुम्ही काच वर केलीत. मी लहान होते, चुकीचं आठवत असेल, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, “अगं, यांच्या लेखी सर्व म्हणजे गाडीत बसलेले!”

मेजवानीतलं सूप अळणी होतं हेसुद्धा नोंदवलंत, बाबा! त्या माणसाला एक ओळ नाही? ती लिहा, नाहीतर संपादक म्हणून माझं नाव काढा.

हे पत्र टाकत नाही. संध्याकाळी येऊन तोंडावरच सांगते.

तुमची,
धाकटी