गवत काय शिपायासारखं उभं असतं?

४ मार्च
नोकरीचा शेवटचा दिवस. फुलं मिळाली, केक मिळाला, आमचे वरिष्ठ कोपेन्ससाहेब, त्यांचं भाषण मिळालं. सगळा जन्म संग्रहालयातल्या जुन्या चित्रांतला उडालेला रंग भरण्यात गेला. इतका बेमालूम, की माझा हात कुठे दिसूच नये. आणि आता हा हातच थरथरतो! डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. जिवाला नाही!

७ मार्च
सुनेनं रंगांची पेटी पाठवली. 'आई, आता स्वतःसाठी रंगवा!' उघडली. बंद केली. पुन्हा उघडली. स्वतःसाठी म्हणजे काय काढायचं? देवदूतांचे पंख भरले, संतांच्या दाढ्या भरल्या — माझं असं साधं भांडंसुद्धा कधी काढलं नाही. कोरा कागद समोर आला की छाती धडधडते. वेडेपणा! कागद काय खाणार आहे मला?

८ मार्च
कागद कोराच.

१९ मार्च
शेजारची म्हातारी, विस नाव तिचं. ऐंशी उलटलीय. खुराड्याच्या दारावर गाय रंगवत होती. गाय कसली, चार पायांचा सोफा! मी कुंपणाशी उभी राहून हसले, तर ओरडली, "हसतेस काय? ये इकडं! संग्रहालयातली बाई ना तू? गवत काढ."
म्हटलं, "विस, हात थरथरतो गं माझा."
"मग बरंच झालं की! गवत काय शिपायासारखं उभं असतं?"
ब्रश घेतला. घाम फुटला. पहिली पात वेडीवाकडी गेली. दुसरी तिच्या अंगावर पडली. आणि तिसरीला — खरंच सांगते — वारा सुटला!
एक कोंबडी ओल्या रंगावर टोच मारून हिरवी चोच घेऊन पळाली. विस म्हणाली, "बघ, पहिलं गिऱ्हाईक!"

२ एप्रिल
हल्ली हाताकडे नीट बघतेय. सकाळी थरथर बारीक असते. कॉफीनंतर वाढते. भूक लागली की एकाच बाजूला ओढते. असं का? आज नदीवर बसून पाणी काढलं, सकाळच्या थरथरीनं. पाणी हललं! घाबरायचं राहूनच गेलं — बघण्यात विसरले.

११ एप्रिल
विस कागदावर वाकून म्हणाली, "हा काय, उकडलेला बटाटा?"
"तुझा चेहरा आहे तो!"
पोट दुखेपर्यंत हसलो.

२९ एप्रिल
डॉक्टरांच्या नव्या गोळ्या लागू पडल्या. हात शांत! सूप सांडलं नाही. सुईत दोरा ओवला आणि रडले. कोपेन्ससाहेबांच्या कानावर गेलंच. लगेच फोन. "गोदेलीव्ह, तुमच्यासारखा हात नाही हो आमच्याकडे. या परत. एक देवदूत खोळंबलाय."

५ मे
गेले. पंखावर नखाएवढा रंग उडाला होता, तो भरला. कोपेन्ससाहेबांनी भिंग लावून शोधलं, जागा सापडेना. "कमाल!" सगळे खूश. मीही — खोटं कशाला लिहू?
घरी येऊन पाणी काढायला बसले. सरळ रेघा. दुसरा कागद घेतला — सरळ रेघा. पाणी गोठल्यासारखं. आणि तीच जुनी धडधड परत. आता बिघडेल, आता बिघडेल!
शेवटी एक कागद विसकडे नेला. तिनं बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "छान आहे. कुणी काढलंय?"

६ मे
झोप नाही. तिचं एकच वाक्य डोक्यात. कुणी काढलंय?

१४ मे
कोपेन्ससाहेबांना कळवलं, येत नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्याही सोडल्या. "हात तुमचा, मर्जी तुमची," म्हणाले. आज कॉफी अर्धी बशीत. कागद पुढे ओढला आणि हाताला विचारलं — बोल बाई, आज काय काढू या?