दारावर आलेली माणसं

३ ऑगस्ट १९८७, सोमवार

शिक्षकखोलीत माझी खुर्चीच नाही!

रजेनंतर आज शाळेचा पहिला दिवस. खिडकीजवळची माझी जागा रिकामी. पुना शिपायाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "हेडसरांनी हलवायला लावली बाई. पाचवीच्या वर्गात नेली." मधली सुटी उभ्यानेच काढली. यशोदाबाई मराठी शिकवतात, माझ्याबरोबरच नोकरीला लागलेल्या. त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर सरकून जागा केली. नको म्हटलं. बसले असते तर रडू आलं असतं.

घरी आले तर गल्लीत कानबाई देवीच्या विसर्जनाची गडबड. आमच्याकडे यंदा कानबाई नाही. हे जाऊन महिना झाला.

रोज शाळेतून आल्यावर चहा घेताना ह्यांना सगळं सांगायची सवय. ते त्यांच्या शाळेचं सांगायचे, मी माझ्या शाळेचं. आता कप एकच भरतो. म्हणून ही वही काढली.

६ ऑगस्ट

नवीन वेळापत्रक लागलं. दहावीचं गणित काढून घेतलं! मला पाचवीचं कार्यानुभव, आणि मधल्या सुटीत पाण्याच्या टाकीजवळ उभं राहायचं.

हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं मन सध्या थाऱ्यावर नाही. दहावीचं वर्ष आहे, मुलांचं नुकसान नको." मन थाऱ्यावर नाही हे खरं. पण गणित घेते तेवढा वेळच ते थाऱ्यावर असतं. हे त्यांना कसं सांगू?

११ ऑगस्ट

पाचवीच्या वर्गात हेडसर शेवटच्या बाकावर येऊन बसले. मुली कागदाची फुलं करत होत्या. मी त्यांना घडी कशी घालायची ते सांगत होते. मध्येच उठून म्हणाले, "बाई, मोठ्याने बोला. इथे कोणी गेलेलं नाही."

मुली हसल्या. त्यांना काय कळणार!

यापूर्वी हा माणूस असा नव्हता. कडक होता, पण असा नव्हता.

१५ ऑगस्ट, शनिवार

सकाळी फाटकातच हेडसरांनी अडवलं. "झेंड्याजवळ थांबू नका. नानांबरोबर पाहुणे आहेत. शुभ प्रसंग आहे, समजून घ्या." नाना म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष झुलालनाना.

टाकीमागे उभी राहिले. राष्ट्रगीत तिथूनच म्हटलं. दहावीच्या मुली रांगेतून मान वळवून मागे बघत होत्या.

झेंडा टाकीमागूनही दिसतो.

१६ ऑगस्ट

पिंप्राळ्याहून मगनभाऊ आला. वहिनीने भाकरी आणि लाल ठेचा बांधून दिला होता. त्याला काही सांगितलं नव्हतं, तरी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "प्रमिला, सोड ही नोकरी. तुझी खोली रिकामीच आहे. मी असताना तू टाकीजवळ उभी राहशील?" यशोदाबाई त्याला बसस्टँडवर भेटल्या म्हणे.

भावाचं बोलणं खोटं नाही. पण पिंप्राळ्याला जाऊन मी काय करू? त्याच्या मुलांचा अभ्यास घेऊ, पापड वाळत घालू आणि बसून राहू. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१९ ऑगस्ट

आज सगळं उघड झालं. हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली — बऱ्याच दिवसांनी शाळेत कोणी बसा म्हटलं! मग म्हणाले, नानांची भाचेसून बी.एस्सी. बी.एड. झाली आहे. गणिताचीच जागा पाहिजे. "तुम्ही स्वखुशीने राजीनामा लिहून द्या. पोळा झाला की मंगळवारी आणा. नाही तर नाइलाजाने तुमच्या कामाबद्दल मला लिहावं लागेल."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. पेपरवेट फिरवत होते.

घरी येऊन कागद घेतला. "माझ्या घरगुती अडचणीमुळे" इथपर्यंत लिहिलं. पुढे सुचेना.

२० ऑगस्ट

संध्याकाळी शकील सर आले. उर्दू हायस्कूलला आहेत. ह्यांनी आणि त्यांनी मिळून शिक्षक संघटनेचं काम केलं. एक सायकल चालवायचा, दुसरा मागे बसायचा. हे गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे होते.

रीतीप्रमाणे मी "या" म्हटलं नाही. दारावर, म्हणजे दुःखाच्या घरी भेटायला, आलेल्याला कोणी "या" म्हणत नाही आणि जाणारा "येतो" म्हणत नाही. आले, सतरंजीवर बसले. ह्यांची सायकल भिंतीला टेकलेली. तिच्याकडे बघत होते.

मग म्हणाले, "भाभी, शाळेत काय चाललंय?"

मी तो अर्धा कागद पुढे केला. वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं. "याची पुडी बांधा शेंगदाण्यांना! भाभी, कायम शिक्षकाला चौकशीशिवाय कोणी हात लावू शकत नाही. पण तुम्ही स्वतः लिहून दिलं, की संघटनेचे हात बांधले गेले. एवढंच सांभाळा. लिहू नका."

"पण शाळेत माझ्या बाजूने कोण बोलेल? सगळे घाबरतात. संघटनेच्या मीटिंगला जो जाईल त्याला मेमो, असं हेडसरांनी सांगूनच ठेवलंय."

शकील सर थोडा वेळ सतरंजीचे दोरे चाळत बसले. मग हसले. या घरात दीड महिन्यात पहिल्यांदा कोणी हसलं.

"मीटिंग कशाला? दारावर यायला कोणाची परवानगी लागते?"

२३ ऑगस्ट, रविवार

सगळे आले!

काही आधी येऊन गेले होते. काही हेडसरांच्या भीतीने राहिले होते, ते तोंड लपवत आले. पुरुष ओट्यावर, बाया आत. पुनासुद्धा आला, ओट्याच्या कडेला बसला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, नेहमीचंच आहे. शकील सर बोलत होते तेही गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तशा खालच्या आवाजात. "एकट्याने उत्तर द्यायचं नाही. एकाला मेमो आला तर सगळ्यांचं उत्तर एक."

मध्येच रिक्षा थांबली. नानांची आई, धुरपदाबाई! सगळे गप्प झाले. म्हातारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खरंच दारावर आली होती. गुडघ्यांमुळे आधी जमलं नाही म्हणाली. माझा हात धरून बसली. "रडी ले माय, रडी ले."

मी रडले. ह्यांच्यासाठी रडले, खुर्चीसाठी रडले, टाकीसाठी रडले. म्हातारी हात सोडेना. "शायमा काय त्रास शे का तुले?" असं तिने शाळेचं विचारलं. यशोदाबाईंनी सगळं सांगून टाकलं. म्हातारीने ऐकून घेतलं, पदर सावरला आणि उठून गेली.

शेवटी शकील सरांनी माझ्याकडे बघितलं. मी एवढंच म्हटलं, "राजीनामा देणार नाही."

सगळे उठले आणि "येतो" न म्हणता गेले.

२५ ऑगस्ट

हेडसर म्हणाले, "आणला?"

म्हटलं, "नाही. देणार नाही."

पाय कापत होते. पण साडी लांब असते, दिसत नाही.

२७ ऑगस्ट

मेमो! रविवारी माझ्या घरी आलेल्या प्रत्येकाला. यशोदाबाईंना, पुनालासुद्धा. "प्रमिलाबाई यांचे घरी शाळेच्या शिस्तीविरुद्ध जमाव केल्याबद्दल खुलासा करावा."

शिक्षकखोलीत सगळे कागद हातात घेऊन बसले होते. मग यशोदाबाईंना हसू फुटलं. "अहो, दारावर गेलो म्हणून मेमो! उद्या अंगणात सडा टाकला म्हणून देतील!" मग बाकीचेही हसायला लागले. हेडसरांचे म्हणून ओळखले जाणारे पीटीचे सरही लाल झाले — म्हणाले, "माझा बाप गेला तेव्हा बाईंचे मिस्टर तीनदा आले होते. मी जायचं नाही?"

सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं. "आम्ही दारावर गेलो होतो." बस, तेवढंच वाक्य.

संध्याकाळपर्यंत आमच्या देवपूर भागात सगळीकडे झालं. भाजीवालीने मला विचारलं, "बाई, खरं का हो?"

१ सप्टेंबर

शिक्षणाधिकाऱ्यांकडे शकील सर जाऊन आले. अर्ज दिला, पोच घेतली. साहेब म्हणाले, बघतो. शकील सर म्हणाले, "बघतो म्हणजे बघत नाहीत. आपण त्यांना काहीतरी बघायला देऊ."

शनिवारी शिक्षकदिन आहे. सकाळची शाळा सुटली की बसायचं ठरलंय. घोषणा नाही, झेंडा नाही. दारावर बसतात तसं बसायचं.

५ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शाळा सुटली. आम्ही फाटकाबाहेर लिंबाखाली सतरंज्या टाकल्या आणि बसलो. पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या, बायांनी डोक्यावर पदर घेतला. हळूहळू दुसऱ्या शाळांतले शिक्षक यायला लागले — उर्दू हायस्कूलचे, कन्याशाळेचे, पांझरा नदीच्या पलीकडून धुळ्यातले. ह्यांच्या शाळेचे तर झाडून सगळे. येतात, बसतात, मान खाली. शब्द नाही!

रिक्षावाला थांबला. "कोण गेलं?" कोणी उत्तर दिलं नाही. त्याने हात जोडले, रिक्षा बंद करून तोही बसला. मग रस्त्याने जाणारे थांबायला लागले. बाजूच्या कॉलनीतल्या बाया पदर घेऊन आल्या आणि माझ्यामागे बसल्या. एकीने तर हळूच डोळे पुसले. कोणासाठी, देव जाणे! यशोदाबाई पदराआड हसू दाबत होत्या. मी त्यांना कोपराने ढोसलं, तर मलाच हसू आलं. हे गेल्यापासून पहिलं.

हेडसर फाटकात आले. घाम फुटलेला. "अहो, या, आत या, आत बसून बोलू—" कोणी मान वर केली नाही.

मग नानांची जीप आली. नाना उतरले ते ओरडतच. "उठा! उठा आधी! माझ्या शाळेच्या दारात हे काय अभद्र?"

तेवढ्यात मागून रिक्षा. धुरपदाबाई! कोणी बोलावलं होतं कोण जाणे. काठी टेकत आली. नानांकडे बघितलंही नाही, सरळ हेडसरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मी बी गयथू बाईना दारवर. माले बी दे मेमो."

हेडसर म्हणाले, "आजी, तुम्ही कशाला—"

"दे ना! काय लिखेल शे त्यामा, माले बी वाची दाखाड."

लिंबाखाली खसखस पिकली. नाना म्हणाले, "आई, तू घरी चल."

मग म्हातारी मुलाकडे वळली. आवाज चढवला नाही. "मी मरसू तवय तुना दारवर कोन येई रे झुलाल?"

एवढं बोलली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. गुडघे दुखत असताना खाली, सतरंजीवर.

नाना उभेच. मोठा माणूस, पण त्या वेळी शाळेतून घरी पाठवलेल्या पोरासारखा दिसत होता. मग जीपला टेकून हेडसरांना म्हणाले, "मेमो परत घ्या. सगळे. बाईंचं गणित बाईंना द्या."

शकील सर तेव्हा उठले. "नाना, लिहून द्या. शिक्षणाधिकाऱ्यांना एक प्रत, संघटनेला एक." नानांनी आईकडे बघितलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं.

सगळे उठले, सतरंज्या झटकल्या. आणि शकील सर फाटकाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "येतो, हेडसर!" केवढे हसले सगळे!

घरी आले. दोन कप चहा केला. एक ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. सगळं सांगितलं.

७ सप्टेंबर

पुनाने खुर्ची परत आणली. पुसून, खिडकीजवळ ठेवली. दहावीला गेले तर फळ्यावर कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं — "गणित". खाली माझं नाव. पुसवेना. बाजूला उदाहरण घातलं.

१७ जून १९८८

दहावीचा निकाल. गणितात एकही नापास नाही!

१० जुलै १९८८, रविवार

ह्यांचं वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं.

आज दुपारी कडी वाजली. दारात हेडसर. चपला पायरीवरच काढलेल्या, उंबऱ्याबाहेर उभे. गेल्या वर्षी मला छळलं त्या सगळ्यामागे नानांचं दडपण होतं, असं काहीतरी सांगायला लागले, मग थांबले. म्हणाले, "आता नाना माझा राजीनामा मागतात. भाचेसुनेच्या नवऱ्याला हेडमास्तर करायचंय." घसा साफ केला. "बाई, संघटना हेडमास्तरांना घेते का?"

वर्षभर या घरात कोणी कोणाला "या" म्हटलं नव्हतं.

"या सर," मी म्हटलं. "बसा. लिहून तर दिलं नाहीत ना अजून?"