वारा ओसरला, धोका टळला

मंगळवार, ८ जुलै
लेकीचं, ऋताचं जहाज चालतंय. जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसने दुपारी फोनवर दुजोरा दिला. आफ्रिकेच्या टोकाखाली वादळात आहे, वेग कमी केलाय. एका लाटेने अँटेना तोडला, म्हणून पोरीचा फोन नाही. दर सहा तासांनी नकाशावर जहाजाचा ठिपका, तेवढंच. तिची आई, सुमन, जेवली नाही.

बुध. ९
वारा निम्म्यावर आला. दिंडोरीहून बाळूचा फोन. म्हणे, "वारा पडला ना दादा? मग झालं. आम्ही बी वारा पडल्यावरच फवारतो, काय होत नाय." भावाचा हा द्राक्षबागेतला हिशोब पटला. सुमनला तेच सांगितलं. दोन पोळ्या खाल्ल्या तिने. पेपरच्या ऑफिसात वादळाची बातमी होतीच, साडेसातला पान छपाईला सोडायचं होतं. मथळा दिला : वारा ओसरला, धोका टळला. कुणाला विचारलं नाही. तीस वर्षं डेस्कवर काढून.

गुरु. १०
मथळा वाचून गंगापूर रोडच्या एका निवृत्त जहाज-कॅप्टनचा फोन. आवाज शांत. "साहेब, वारा थांबला म्हणून लाट थांबत नाही. वाऱ्याने दिलेली ताकद घेऊन ती पुढे दोन-दोन दिवस चालते. आणि तिकडे वारा नुसता पडलेला नाही, फिरलाय. वायव्येच्या जुन्या लाटांवर आता नैऋत्येच्या नव्या चढणार. दोन एकत्र आल्या की भिंत उभी राहते. आम्ही वाऱ्यापेक्षा त्या वेळेला भ्यायचो."
मुलगी तिकडे आहे, हे त्यांना सांगितलं नाही.
चुकीची दुरुस्ती, चार ओळी, पान दोन. घरी मात्र...

शुक्र. ११
सुमन पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, हे विसरलो. चहा ठेवताना म्हणाली, "ही दुरुस्ती लोकांसाठी आहे की माझ्यासाठी?"
सगळं सांगितलं. "काल सांगितलं असतंस तर काल रडून झालं असतं," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.
सकाळचा ठिपका आला. दुपारचा नाही.

शनि. १२
ठिपका सकाळी आठला आला, थोडा उत्तरेला, किनाऱ्याकडे. कंपनी म्हणते, चांगली खूण.
बाळूला सगळं कळलंय. "आज वारा अगदी पडलाय दादा. पण फवारलं नाय."
"का रे?"
"मन नाय झालं. पोरीचा फोन येऊ दे."
कॅप्टनना मीच फोन केला, या वेळी मुलीचं सांगून. त्यांनी जहाज कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाले, समुद्र उद्या संध्याकाळपर्यंत उतरायला हवा. कंपनीच्या हिशोबाने जहाज परवा सकाळी केपटाऊनला अपेक्षित.
पुढचा ठिपका दुपारी दोनला. सुमन नकाशा उघडून बसलीय.