पासलीच्या चढावरची मोटार

॥ श्री ॥
मु. कामथडी
कार्तिक शु. १२, शके १८५९

चि. सौ. भागूस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला सातवा लागल्याचं जावईबापूंचं पत्र पोचलं. तुझी आई असती तर गावभर साखर वाटत फिरली असती. ती नाही, म्हणून मीच वाटली. वाटून घरी आलो तर बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. शिवऱ्याहून धोंडाआत्या येऊन राहायला तयार आहे. आणि तुला न्यायला मी येणार तो बैलगाडीने नव्हे, मोटारीने! हसू नकोस. बैलजोडी आणि गाडी विकून पुण्याच्या एका वकिलाची जुनी मोटार घेतली. हमरस्ता दाराशी असून जन्मभर बैलांच्या शेपट्याच पिरगाळायच्या काय? नसरापूरच्या बाजाराला माणसं नेईन, चार पैसे सुटतील. चालवायला शिकलो, थांबवायला अजून शिकतो आहे. परवा शेजारच्या गेनबाच्या कडब्याच्या गंजीत शिरलो. गेनबा म्हणाला, आबा, बैल निदान कडबा खायला तरी थांबला असता.

विहीणबाईंना नमस्कार सांग. माझी काळजी नको.

तुझा बाप,
हैबती


मु. पासली
कार्तिक व. ५

ती. आबांच्या चरणी भागूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. बैल विकल्याचं वाचून आधी रडले, मग गंजीचं वाचून हसले. तुम्ही चौथीपर्यंत शिकवलंत म्हणून हे वाचायला कोणाच्या दारी जावं लागलं नाही, नाहीतर सगळ्या वाडीत हसं झालं असतं.

सासूबाईंनी मात्र पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितलं की आमच्या सुनेचा बाप मोटार घेऊन यायचाय. गड्यांनी वाटेतले धोंडेसुद्धा बाजूला केले. पण त्यांचं एक म्हणणं पक्कं आहे. न्यायचं तर सातव्यातच न्या. आठव्यात वेस ओलांडायची नाही आणि नवव्यात नदी. म्या माज्या लेकीलाबी जाऊ दिलं न्हाई, सुनेला कशी दीन, असं म्हणतात. मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी हा शेवटचा दिवस.

माणसं वाईट नाहीत, आबा. पण भाताची झोडणी चालू आहे, सगळी दिवसभर खळ्यावर असतात. मला घरी बसवलं आहे. काय काय विचारावंसं वाटतं, आणि विचारायला आई नाही. धोंडाआत्याजवळ तरी बोलता येईल. मोटार नसली तरी चालेल, गेनबाकाकांची गाडी मागा. पण या.

तुमची लेक,
भागू


मु. कामथडी
मार्गशीर्ष शु. २

चि. सौ. भागूस अनेक आशीर्वाद. वि. वि. परवाच निघणार होतो, पण मोटारीने खोडा घातला. तेल संपलं होतं. बैलगाडीच्या आसाला आयुष्यभर एरंडेल घातलं, कधी कुरकुर नाही. म्हणून इंजिनातही घरचंच एरंडेल ओतलं. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी थंडीने आत सगळं गुळाच्या पाकासारखं चिकटलं. भोरच्या मिस्त्रीने इंजिन उघडून खरवडलं. तो सारखा हसत होता, ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

आता ठीक आहे. अष्टमीला सकाळी पोचतो, तू बोचकं बांधून ठेव. गेनबा गाडी देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. वाडीभर डांगोरा पिटल्यावर बाप उसन्या गाडीतून आला, तर तुला किती ऐकून घ्यावं लागेल! खोली सारवून ठेवली आहे.

तुझा बाप,
हैबती


मु. पासली
मार्गशीर्ष शु. ११

ती. आबांच्या चरणी भागूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. अष्टमीला सासूबाईंनी माझी ओटी भरली. हिरवं लुगडं नेसून मी ओट्यावर बसले. जेवायलाही आत गेले नाही. दिवस मावळला तेव्हा सासूबाईंनी बोचकं उचलून आत ठेवलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल एक धनगर सांगत आला की, चढाखाली एका मोटारीला बैल जुंपून उलट्या दिशेला ओढत नेताना पाहिलं. ते तुम्हीच का? लागलं तर नाही ना? एवढं तरी कळवा.

तुमची लेक,
भागू


मु. कामथडी
मार्गशीर्ष व. १

चि. सौ. भागूस अनेक आशीर्वाद. वि. वि. तो मीच. लागलं कुठे नाही.

पहाटे निघालो. नवा फेटा बांधला होता. वेल्हं मागे पडलं आणि तुमच्या गावाच्या चढावर मोटारीने वाफ सोडली. पाणी मागते आहे असं वाटलं. ओढ्यावरून घागरभर थंडगार पाणी आणलं आणि तापल्या इंजिनात एकदम ओतलं. आतून ताडकन आवाज आला. मिस्त्री म्हणतो, इंजिनाचं ओतीव बीड उभं चिरलं, आता ते सांधत नाही.

पासली तिथून दोन कोसांवर होती. ऊन अजून कोवळं होतं. दोन तासांत चालत आलो असतो. पण फेटा बांधून, धुळीने माखून, पायी तुमच्या अंगणात कसा शिरू, असं झालं. दुपारपर्यंत त्या चढावर बसून राहिलो. मग खालच्या वस्तीवरून बैल मागून आणले आणि मागे फिरलो. बैलांच्या मागे मोटारीत बसलो होतो, भागू. वाटेत कोणी हसलंसुद्धा नाही.

आता आठवा लागला. विहीणबाईंचा शब्द मी मोडणार नाही. धोंडाआत्याही शिवऱ्याला परत गेली.

तुझा बाप,
हैबती


मु. पासली
माघ शु. ६

ती. आबांच्या चरणी भागूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तृतीयेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. फार त्रास झाला, पण सासूबाई उशाशी बसून होत्या. मी आईला हाका मारत होते, तर त्याच ओ देत होत्या. बारसं पौर्णिमेला आहे. नाव सगुणा ठेवायचं, आईचं. हे सासूबाईंनीच सुचवलं.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग आला होता. मोटारीचा नाही. चढ चढून आलेल्या बैलाला तुम्ही कधी लगेच पाणी दाखवलं नाहीत, सावलीत उभं करून दम खाऊ द्यायचात. मोटारीलाच पाणी पाजायची घाई का केलीत, हे सासरे अजून विचारतात. मला त्याचं काही नाही. दोन कोसांवरून तुम्ही मागे गेलात, ते मला विसरता येत नाही. मी ओट्यावर मोटारीची वाट पाहत नव्हते. तुम्ही उघड्या डोक्याने आला असतात तरी मी उठून निघाले असते, दर ओढ्याला बसत बसत आपण गेलो असतो.

तुमची लेक,
भागू


मु. कामथडी
माघ व. ४

चि. सौ. भागूस व चि. सगुणेस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आज हाती पडलं. बारसं होऊन गेलं. दोन वेळा वाचून गेनबाला दाखवायला निघालो, तो वाटेतूनच परत आलो. एवढं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं आणि एवढं वाईटही.

मोटार भंगारात गेली. उद्या काही कमवून दुसरी घेता येईल, पण तुझं पहिलं बाळंतपण दुसऱ्यांदा यायचं नाही. रिकाम्या घरात रोज हेच घोकतो.

आईने तुला ज्यात निजवलं तो पाळणा माळ्यावरून काढून धुतला. उद्या उजाडताच तो डोक्यावर घेऊन पायी निघतो. नसरापूर, वेल्हं, सगळीकडे लोक विचारतील, मोटारवाले आबा, हे काय. विचारू देत. समोर आल्यावर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून हे लिहून खिशात घेतो आहे. माझ्या हातून मिळालं, तर आधी पाणी दे आणि मग वाच.

आणि टपालाने मिळालं, तर समज की बाप त्याच चढावरून पुन्हा मागे फिरला. तसं झालं तर मला माफ करू नकोस.

तुझा बाप,
हैबती